एक तोळा, साडेसदतीस गुंठे आणि शनीपर्यंतचा बांध

एक तोळा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. नाव बोजड असलं तरी वस्तू अगदीच परकी नाही. ट्रॅक्टरच्या सांध्यांना जे काळं ग्रीस फासतात, त्याच्या काही प्रकारांत हीच पूड असते. तिचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक बसलेले असतात आणि सहज घसरतात, म्हणून ती वंगणाला चालते. आता हे पत्ते एकेक सुटे करून शेजारी शेजारी अंथरा. एका थराची जाडी तीन अणूंची : वर-खाली गंधक, मध्ये मॉलिब्डेनम. त्या एका तोळ्यात साडेसदतीस गुंठे जमीन झाकली जाते. अडीच गुंठे कमी पडले, नाहीतर एकर पुरा झाला असता.

पण या एकरात पीक येत नाही. पीक येतं ते बांधावर.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यासाठी किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त द्यावे लागतात आणि वरचे बहुतेक उष्णता होऊन वाया जातात. ही उधळपट्टी कमी करतो तो उत्प्रेरक. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमचा हात धरणारं कोणी नाही. मात्र साऱ्या जगाच्या खाणींतून ते वर्षाला दोनशे टनसुद्धा निघत नाही. मॉलिब्डेनम अडीच लाख टनांच्या वर निघतं. अडचण एवढीच होती की डायसल्फाइडचा सपाट पृष्ठभाग या कामात जवळजवळ आळशी आहे. २००५ मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासकांनी गणित मांडलं की थराच्या कडेचे अणू कामाचे असावेत. २००७ मध्ये तिथल्याच तांत्रिक विद्यापीठात थॉमस हारामियो, इब खोर्केनडोर्फ आणि सहकाऱ्यांनी सोन्यावर या पदार्थाची लहान-मोठी बेटं उगवून मोजणी केली. हायड्रोजनचा वेग बेटांच्या क्षेत्रफळाप्रमाणे बदलेना, तो परिघाच्या लांबीप्रमाणे बदलत होता.

म्हणजे जमिनीचे जितके तुकडे, तितका फायदा. वाटण्या करून करून वावराचे रुमाल झालेल्या आपल्या भागात हे वाक्य कोणाला पटायचं नाही. तरी हिशेब करू. आपल्या तोळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे चौकोनी तुकडे पाडले, तर सगळ्यांचे बांध मिळून लांबी भरते सुमारे १५० कोटी किलोमीटर. सूर्यापासून शनीचं सरासरी अंतर १४३ कोटी. एका तोळ्याचा बांध शनीला ओलांडून जातो. कोरायला शेजारी मात्र कोणी नाही.

इतका खटाटोप व्होल्टच्या एका दशांशासाठी चालतो. एक किलो हायड्रोजन काढायला साधारण पन्नास युनिट वीज जाते. व्होल्टेज ०.१ ने उतरलं की किलोमागे २.६६ युनिट वाचतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० साठी ठेवलेलं लक्ष्य वर्षाला ५० लाख टनांचं आहे. त्याला गुणून पाहा : वर्षाला १,३३० कोटी युनिट.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही या जातीचं काम चालतं. भौतिकशास्त्राचे राजाराम माने यांच्या गटाने निकेल, कोबाल्टसारख्या स्वस्त धातूंच्या नॅनोरचनांवर बरंच संशोधन केलं आहे. निकेलचं हायड्रॉक्साइडही थराथरांचंच असतं, आणि ऑक्सिजनच्या बाजूला निकेल-लोखंडाचे असे थर चांगले चालतात. विद्यापीठ आहे विष्णुपुरीला, गोदावरीवरच्या धरणाच्या जवळ. त्या जलाशयात मावतं सुमारे आठ कोटी घनमीटर.

आणि लातूरकर विचारणार तो प्रश्न इथेच येतो : पाणी कुठलं?

एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं. ५० लाख टनांना ४,५०० कोटी लिटर, म्हणजे विष्णुपुरीच्या निम्म्याहून जास्त. लातूरचं माप वेगळं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांत पाच लाख लिटर असायचं, पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीत पंचवीस लाख. १११ खेपांत २५.९५ कोटी लिटर पाणी आलं. त्या मोठ्या गाड्यांनी देशाचं हायड्रोजनचं पाणी वाहायचं म्हटलं तर रोज ४९ गाड्या लागतील, दर अर्ध्या तासाला एक, बाराही महिने. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणं धरलं तर त्याच्या दुप्पट सहज.

आकडा छातीत धडकी भरवतो खरा. आता तेच पाणी उसाला देऊन बघू. हेक्टरी दोन कोटी लिटर धरले, तर ४,५०० कोटी लिटरमध्ये भिजतो २,२५० हेक्टर ऊस. दुप्पट पाणी घेतलं तर ४,५०० हेक्टर. हेक्टरी ८० टन उतारा धरला की ३ लाख ६० हजार टन. रोज अडीच हजार टन गाळणारा, म्हणजे लहानच, कारखाना तो १४४ दिवसांत संपवतो. एका कारखान्याचा एक हंगाम.