ध्वनीच्या वेशीवर अडवलेले विमान

१९४३ सालच्या शरदऋतूत, जर्मनीशी चाललेल्या युद्धाचा निकाल अद्याप दृष्टिपथात नसताना, ब्रिटनच्या विमान-उत्पादन खात्याने बर्कशायर परगण्यातील वूडली येथल्या माइल्स एअरक्राफ्ट या कंपनीकडे अत्यंत गोपनीय असे एक मागणीपत्र धाडले. आणि त्यातली मागणी अशी होती, की ज्या काळी विमानवेगाचा जागतिक उच्चांक ताशी ४६९ मैल होता त्या काळी, ३६ हजार फुटांच्या उंचीवर, सूर न मारता, सरळ पातळीत ताशी १००० मैल वेगाने जाणारे विमान सिद्ध करून द्यावे. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे ६६० मैल असतो. म्हणजे खात्याला नुसता ध्वनी गाठून भागणार नव्हते, त्याच्या दीडपट मजल मारायची होती. माइल्स कंपनीचा लौकिक तोवर मुख्यतः नवशिक्या वैमानिकांना उपयोगी पडणाऱ्या सुटसुटीत लाकडी विमानांपुरता होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे नवल वाटते. पण फ्रेडरिक आणि जॉर्ज या माइल्स बंधूंनी ते काम बिनतक्रार अंगावर घेतले. त्या विमानाचे नाव एम.५२.

बंदुकीची गोळी ध्वनीहून वेगाने जाते हे त्या वेळी कोणाला नवे नव्हते. अडचण होती ती आत माणूस बसलेल्या आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्याने वळणाऱ्या यंत्राची. विमान ध्वनिवेगाच्या जवळ येऊ लागले, की पुढच्या हवेला बाजूला सरायला सवडच राहत नाही. ती दाटते, पंखांवर आघात-तरंग उभे राहतात, सारे विमान थरथरू लागते, आणि उंचावरून सूर मारणाऱ्या कित्येक लढाऊ वैमानिकांना तर असा जीवघेणा अनुभव आला होता, की हातातला दांडा सर्व शक्तीनिशी ओढला तरी विमानाचे नाक म्हणून वर येत नाही. याचे एक मोठे कारण शेपटाच्या रचनेत होते. शेपटाचा आडवा पंख जागच्या जागी पक्का बसवलेला असे, आणि नाक वर-खाली करण्यासाठी त्याच्या मागल्या कडेला बिजागरीवर हलणारी एक पट्टी असे. आघात-तरंगाने त्या बिजागरीच्या आसपास ठाण मांडले, की पट्टी कितीही हलवा, तिच्या पुढच्या हवेला त्याची वार्ताच पोचत नसे.

कंपनीचे प्रमुख वायुगतिशास्त्रज्ञ डेनिस बॅनक्रॉफ्ट आणि त्यांचे सहकारी यांनी यावर काढलेला तोडगा दिसायला अगदी साधा होता: पट्टी काढून टाकायची आणि तो आडवा पंख अख्खाच्या अख्खा फिरता करायचा. फार्नबरो येथे नौदलाचे वैमानिक एरिक ब्राऊन यांनी असे शेपूट जोडलेल्या स्पिटफायर विमानावर त्याची परीक्षा घेतली. मुख्य पंख सरळच ठेवले होते, मात्र ते अतिशय पातळ आणि दोन्ही कडांना धारदार होते. अशा पंखांवर विमान कमी वेगात कसे वागते हे पाहण्यासाठी कंपनीने आपल्या जुन्या फाल्कन विमानाला त्याच घडणीचे लाकडी पंख बसवून ते उडवले, तेव्हा दाढीच्या पात्यावरून त्या विमानाचे नाव ‘जिलेट फाल्कन’ असे पडले.

विमानाचे धड म्हणजे जवळजवळ एक मोठी गोळीच. त्याचा व्यास अवघा ५ फूट, आणि त्यातला बहुतेक भाग इंजिनाने व्यापलेला. वैमानिकाची जागा नाकाच्या शंकूत. तेथे त्याने अर्धवट रेलून बसायचे, आणि पुढचे चाकही मिटून यायचे ते त्याच्या दोन पायांच्या मधेच. ब्राऊन यांची या विमानासाठी निवड झाली, तीत त्यांच्या कौशल्याइतकाच त्यांच्या बेताच्या उंचीचाही वाटा होता. प्राणसंकट ओढवलेच, तर स्फोटकांच्या साह्याने ती सबंध कोठडी धडापासून अलग व्हावी आणि ती पुरेशी खाली आल्यावर वैमानिकाने हवाई छत्रीने उतरावे, अशी योजना होती.

इंजिन फ्रँक व्हिटल यांच्या पॉवर जेट्स संस्थेचे, डब्ल्यू.२/७००, आणि त्याला वाढीव पंख्याची व मागे पुन्हा इंधन जाळण्याची जोड द्यावयाची होती. मला विचाराल, तर या साऱ्या आराखड्यातली कच्ची बाजू हीच. आकृतीविषयी शंका घ्यायला फारशी जागा नव्हती. ही इंजिनाची जोडणी मात्र त्या रूपात आकाशात कधीच पारखली गेली नव्हती, आणि ताशी १००० मैलांचा आकडा सर्वस्वी तिच्यावर अवलंबून होता.

१९४६ सालच्या फेब्रुवारीत, पहिल्या विमानाची बांधणी पुष्कळ पुढे गेली असताना, शास्त्रीय संशोधन विभागाचे संचालक सर बेन लॉकस्पायझर यांच्या दप्तरातून हुकूम सुटला आणि सारे काम रद्दबातल झाले. युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती, हे कारण होतेच. शिवाय पाडाव झालेल्या जर्मनीतून हाती आलेल्या कागदपत्रांत मागे कललेल्या पंखांची भलावण होती, त्यामुळे सरळ पंखांचे हे विमान जुन्या वळणाचे भासू लागले होते. पुढे जाहीरपणे सांगण्यात आले ते असे, की असल्या धोक्यात वैमानिकांचे प्राण घालणे उचित नाही. हे शेवटचे कारण मला पटत नाही. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी जेफ्री डी हॅविलंड हे तरुण वैमानिक टेम्स नदीच्या मुखावर प्राणास मुकले, ते कललेल्या पंखांच्या, पण आडवे शेपूट मुळीच नसलेल्या डीएच.१०८ या विमानात. त्या विमानाला कोणी मनाई केली नव्हती.

याच्या आधी, १९४४ साली, अमेरिकेशी माहितीच्या देवघेवीचा करार झाला होता आणि बेल कंपनीची माणसे वूडलीला येऊन आराखडे पाहून गेली होती. त्याची परतफेड कधी झाली नाही, ही माइल्सच्या लोकांची कायमची तक्रार. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी बेल एक्स-१ या रॉकेट विमानातून ध्वनिवेग ओलांडला. त्या विमानाचे धड गोळीसारखे, पंख पातळ आणि सरळ, आणि ऐन मोक्याला शेपटाची पट्टी निरुपयोगी ठरल्यावर येगर यांनी विमान आवरले ते सबंध आडवा पंख हलवून. ही कल्पना अमेरिकनांना स्वतंत्रपणे सुचली होती असे त्यांच्याकडचे लोक सांगत, आणि ते अगदीच असंभाव्य नाही. पण वूडलीतील मंडळी दिशा चुकली नव्हती, एवढे तरी त्या दिवशी शाबीत झाले.

ब्रिटनच्या सरकारी खात्याने दरम्यान एम.५२ च्याच घडणीची लहान प्रतिकृती, माणसावाचून, रॉकेटच्या बळावर उडवण्याचे काम व्हिकर्स कंपनीत बार्न्स वॉलिस यांच्याकडे सोपवले होते. पहिली प्रतिकृती फुटून गेली. दुसरीने ऑक्टोबर १९४८ मध्ये ध्वनीच्या १.३८ पट वेग गाठला, तोही स्थिरपणे. ठरल्याप्रमाणे समुद्रात बुडी घेण्याचा आदेश तिने जुमानला नाही, एवढेच. जे विमान अव्यवहार्य म्हणून मोडीत काढले, त्याची आकृती बिनचूक असल्याचा दाखला त्याच खात्याच्या प्रयोगाने दिला, आणि तरीही प्रकरण पुन्हा उघडले गेले नाही. तोवर माइल्स कंपनीचे दिवाळे वाजून तिचा विमानाचा कारभार हँडली पेज कंपनीकडे गेला होता. विमानवेगाचा उच्चांक ताशी १००० मैलांच्या पुढे गेला तो १० मार्च १९५६ रोजी. पीटर ट्विस यांनी फेअरी डेल्टा २ या ब्रिटिश विमानातून ताशी १,१३२ मैलांचा वेग नोंदवला, तेव्हा एम.५२ रद्द होऊन दहा वर्षे उलटली होती.