लहान पोरांजवळ बसताना मोबाइल बाजूला का ठेवायचा?

सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव 2022 मध्ये देशभर गाजलं. रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद व्हायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात आलेला मोबाइल सुटेना, म्हणून गावानं हा निर्णय घेतला. मुलांनी अभ्यास करावा आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढाच हेतू.

पण अशा वेळेची खरी गरज शाळेआधीच्या वयात जास्त असते. आणि तिथं अडचण आपल्या हातातल्या मोबाइलची असते.

चेहरा कोरा झाला की...

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. काही महिन्यांच्या बाळाशी आई आधी खेळली. मग दोन-तीन मिनिटं ती समोरच बसली, पण चेहरा कोरा ठेवून. बाळ हसून बघायचं, हात पुढे करायचं, आवाज काढायचं. तरी आई बघेना म्हटल्यावर तोंड फिरवायचं, रडायचं. आई पुन्हा बोलायला लागली की हळूहळू सावरायचं.

म्हणजे नुसतं जवळ बसून भागत नाही. पोराला आपली नजर आणि उत्तर लागतं.

बोलणं येतं कुठून?

बाळ "बा बा" करतं. आजी म्हणते, "काय रं, बाबा आला व्हय?" बाळ पुन्हा काहीतरी बोलतं. या देवाणघेवाणीतूनच भाषा येते. मोबाइलमधलं गाणं बोलतं, पण पोराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम.

वेळ कुठनं काढायचा?

पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, वैरण आणायची, मग रान नाहीतर एमआयडीसीची शिफ्ट. यात वेगळा तास निघणार नाही, हे खरंच. पण अंघोळ, जेवण आणि झोपवणं ही कामं रोज करावीच लागतात. त्यातच हे जमतं :

- भरवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पोराच्या हातातही देऊ नका.
- पोर बोट दाखवेल त्या वस्तूचं नाव सांगा : म्हस, कोंबडी, ट्रॅक्टर.
- प्रश्न विचारला की थोडं थांबा. लहान मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो.
- फोन घ्यावाच लागला तर "आत्याचा फोन हाय, बोलून आलोच" असं सांगून उठा.
- दिवसभर पोर आजी-आबांकडं असेल, तर हे त्यांनाही सांगा.

हे दिसलं तर थांबू नका

वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर बघत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "बोलंल की मोठा झाल्यावर" म्हणत बसू नका. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, ही तपासणी मोफत असते. ऐकू येतंय का, हे आधी तपासून घ्या.

वडगावात दीड तासाची शिस्त पाळायला भोंगा लागला. तुमच्या घरात आज रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा.