यंत्र हाताजोगे हवे

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी घरोघरी वाचला जाईल असा एखादा उपयुक्त विषय निवडावा, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा आम्ही मुद्दामच एक लहानसा विषय घेतला. संगणकावर काम करताना किंवा खेळ खेळताना जी वस्तू आपण हातात धरतो ती कशी असावी, हा तो विषय होय. दोन्ही हातांत धरायची असेल तर मुले तिला कंट्रोलर म्हणतात. टेबलावर सरकवायची असेल तर माउस.

हा तर पोरखेळाचा विषय, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. तथापि आज कित्येक प्रवेश परीक्षा संगणकावर होतात, आणि रेल्वेचे तिकीट किंवा बँकेचा व्यवहारही पुष्कळदा त्याच मार्गाने होतो. हातातली वस्तू नीट बसली नाही, तर उत्तर येत असूनही मुलाचा वेळ जातो आणि आजोबांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. शाळेत वर्षानुवर्षे मुलांचे हात पाहिल्यावर आमचे असे मत झाले आहे की, अशा वेळी मूल नेहमी स्वतःलाच दोष देते. ‘माझा हातच चालत नाही,’ असे ते म्हणते. वास्तविक दोष बहुधा हाताचा नसतो, वस्तूचा असतो. तो कसा ओळखावा आणि कसा टाळावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हाताकडे पाहू. जॉन नेपियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एक जोराची पकड. हातोडा किंवा विटीदांडूचा दांडू आपण तळहात आणि सर्व बोटे मिळून धरतो ती. दुसरी नेमकी पकड. सुई, लेखणी किंवा गोटी आपण अंगठा आणि बोटांच्या टोकांनी धरतो ती. तसबीह असो की जपमाळ, मणी पुढे सरकतो तो याच दुसऱ्या पकडीने. आता कंट्रोलरची अडचण अशी की, त्याला या दोन्ही पकडी एकाच वेळी लागतात. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी तो धरून ठेवायचा, आणि अंगठा व तर्जनी यांनी बारीक काम करायचे. धरणाऱ्या बोटांना आधार कमी पडला, तर धरण्याचा भार अंगठ्यावर येतो. मग अंगठा एकाच वेळी हमालही होतो आणि कारकूनही होतो, आणि दोन्ही कामे बिघडतात.

या वस्तूचा इतिहासही हेच सांगतो. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेत काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ संगणकावर बसवला. तो त्या अवाढव्य यंत्राच्या पुढच्या बाजूला असलेल्या खटक्यांनी खेळावा लागे, आणि खेळणाऱ्यांची कोपरे दुखून येत. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स या दोघांनी जमतील त्या सुट्या भागांतून हाताशी ठेवता येतील अशा वेगळ्या पेट्या तयार केल्या. म्हणजे या जातीची एक पहिली वस्तू चैनीसाठी जन्मली नसून कोपरदुखीतून जन्मली. १९६४ च्या सुमारास डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी जो पहिला माउस बनवला, तोही तळहाताखाली मावेल असा लाकडाचा ठोकळाच होता.

पुढे १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने घरगुती खेळयंत्र आणले. त्याचे कंट्रोलर चपटे, आयताकार होते, आणि बराच वेळ धरले की कोपरे तळहाताला टोचत. १९९० च्या नव्या यंत्राबरोबर त्याच कंपनीने कंट्रोलरची टोके गोल केली आणि तर्जनीसाठी वरच्या कडेला बटने दिली. १९९४ साली सोनी कंपनीने खाली उतरणाऱ्या दोन मुठी दिल्या, त्यामुळे धरणाऱ्या बोटांना हक्काची जागा मिळाली. सर्वांत बोलके उदाहरण मायक्रोसॉफ्ट कंपनीचे आहे. २००१ साली अमेरिकेत तिने आणलेला कंट्रोलर एवढा थोराड होता की, २००२ मध्ये जपानात जाताना तिला लहान आकाराचा वेगळा कंट्रोलर करावा लागला. आणि गंमत अशी की, तो लहान कंट्रोलर मग अमेरिकेतल्या लोकांनाही आवडला व तोच सर्वत्र रूढ झाला.

मग आपल्या लोकांचे हात कोणी मोजले आहेत काय? होय, मोजले आहेत, आणि तेही उज्जैनपासून फार दूर नव्हे. भोपाळला १९७६ मध्ये केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. तेथील एल. पी. गीते आणि बी. जी. यादव यांनी शेतात राबणाऱ्या माणसांची शरीरमापे घेऊन ती १९८९ साली प्रसिद्ध केली. परदेशी मापांवरून बनवलेले अवजार आपल्या शेतकऱ्याला बसेलच असे नाही, म्हणून हा खटाटोप. पुढे १९९७ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय आरेखन संस्थेतून देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ निघाला. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये तर १९६९ सालीच औद्योगिक आरेखनाचे केंद्र सुरू झाले होते, आणि जर्मनीत उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. विळ्यासाठी घेतलेले हाताचे माप कंट्रोलरलाही उपयोगी पडते, कारण हात तोच असतो.

मापे घेतल्यावर सामान्य माणूस सरासरी काढतो आणि तेथेच फसतो. सरासरी हातासाठी बनवलेली वस्तू लहान हाताला मोठी आणि मोठ्या हाताला लहान होते. जाणकारांचा नियम वेगळा आहे. जेथे पोचायचे असते तेथे लहान माणसाचा विचार करावा, आणि जेथे मावायचे असते तेथे मोठ्या माणसाचा. घरात फळीची उंची ठेंगण्या माणसाकडे पाहून ठरवतात आणि दाराची उंची उंच माणसाकडे पाहून, तसेच हे आहे. कंट्रोलरचे सर्वांत दूरचे बटन आखूड अंगठ्यालाही पोचले पाहिजे, आणि मुठीभोवतीची मोकळी जागा रुंद पंजालाही पुरली पाहिजे. अंगठा सरळ रेषेत फिरत नाही, तो आपल्या मुळाभोवती कमानीत फिरतो. म्हणून बटनेही त्या कमानीच्या वाटेवर असावीत.

बटन दाबले गेले हे बोटाला कळले पाहिजे, हा दुसरा नियम. याचा उत्तम नमुना आपण सर्वांनी मतदानकेंद्रात पाहिला आहे. आपल्या मतदान यंत्राच्या बाह्य रचनेत पवईच्या त्याच केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा हात होता. ते यंत्र हातात धरायचे नाही हे खरे. पण शेतकरी, गृहिणी, प्राध्यापक, सर्वांच्या बोटांनी ते चालवायचे असते. म्हणून बटन ठसठशीत, दाबले की दिवा लागतो आणि आवाजही येतो. कंट्रोलरचे बटन दाबताना बोटाला जो हलकासा टिचका जाणवतो, त्याचे काम तेच. तो टिचका नसेल तर मूल खात्री करण्यासाठी गरजेपेक्षा जास्त जोर लावते, आणि तासाभरात बोट दुखू लागते.

अंगठ्याखालच्या छोट्या दांडीचेही थोडे सांगितले पाहिजे. तिच्या बुडाशी सामान्यतः रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखे दोन भाग असतात. एक डावी-उजवी हालचाल मोजतो, दुसरा वर-खाली. ते घासून झिजले की दांडी सोडून दिली तरी पडद्यावरचे चित्र आपोआप सरकत राहते. मुले त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. काही कंट्रोलरमध्ये याऐवजी चुंबक वापरतात. चुंबक जवळ-दूर झाला की विजेच्या दाबात जो फरक पडतो, तो एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला होता. त्यात घासणारा भाग नसल्याने तशी झीज होत नाही. विकत घेताना हे जरूर विचारावे.

वजनाविषयी एक गैरसमज आहे. हलके तेवढे चांगले, असे नव्हे. सोनीचा २०२० चा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅमचा आहे, तरी तो जड वाटत नाही, कारण वजन दोन्ही मुठींत सारखे वाटलेले आहे. पुढे झुकणारी वस्तू मात्र हलकी असली तरी मनगटाला ओढते. आमच्या माळव्यात वैशाख-ज्येष्ठात तळहाताला घाम सुटतो, तेव्हा गुळगुळीत चकचकीत मूठ निसटते आणि मूल ती अधिकच आवळते. म्हणून मूठ किंचित खरखरीत असावी. दुकानात जे झळाळते ते हातात टिकत नाही, हे आमच्या भैरवगढच्या बाटिक कारागिरांना कोणी सांगावे लागत नाही. ज्याला दिवसभर मेणाने नक्षी काढायची आहे, तो हत्यार डोळ्यांनी पारखत नाही, बोटांनी पारखतो.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजावी, मग अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी पंजाची रुंदी. जाड कागदाचा शंकू करून तो मुठीत धरावा. अंगठा आणि मधले बोट जेथे जेमतेम भेटतात, तेथील जाडी हे मुठीचे माप. त्यानंतर मळलेल्या मातीचा गोळा दोन्ही हातांत सैलसर धरावा. मनगट सरळ, बोटे अर्धवट मिटलेली, खांदे खाली. मातीला जो आकार येईल तो तुमच्या कंट्रोलरचा पहिला नमुना. मात्र बोटांच्या खाचा मातीत ठेवू नयेत, त्या पुसून टाकाव्यात. एकाच्या बोटांच्या खाचा दुसऱ्याच्या बोटांना टोचतात. घरातल्या लहानथोरांनी तो नमुना धरून पाहावा, आणि प्रत्येकाची तक्रार लिहून घ्यावी.

तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये, कारण हात दुखणे ही नुसती कुरकुर नसते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांच्या दुखण्याचे वर्णन स्विस शस्त्रवैद्य द क्वेर्व्हां यांनी १८९५ सालीच केले होते. १९९० साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात टीव्हीवरच्या खेळांमुळे अंगठ्याच्या दुखण्याचा दाखला प्रसिद्ध झाला, आणि त्या दुखण्याला खेळाच्या कंपनीवरूनच नाव पडले. सबब अधूनमधून उठावे, बोटे ताणावीत, मनगट वाकवून ठेवू नये. दुखणे राहिलेच तर डॉक्टरांना दाखवावे. कितीही चांगला कंट्रोलर अखंड खेळण्याची सूट देत नाही, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी ज्यांचे हात वेगळे आहेत त्यांच्याविषयी. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताच्या वळणाचा माउस देणे म्हणजे त्याला उलटी चप्पल घालायला लावणे होय. दोन्ही बाजूंनी सारखा माउस मिळतो, तो घ्यावा. ज्यांना बोटे नीट हलवता येत नाहीत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक निराळा कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठ्या चकत्या आहेत, आणि मागे १९ छिद्रे आहेत. त्यांत हवी ती कळ जोडून ती कोपराने, पायाने किंवा हनुवटीने दाबता येते. तो महाग वाटला, तर अर्दुइनोसारख्या छोट्या विद्युत्‌पाटीने असे काम थोडक्यात भागवता येते. तिचे काही प्रकार संगणकाला जोडले की संगणक त्यांनाच कळफलक किंवा कंट्रोलर समजतो. एक मोठी कळ, दोन तारा आणि मुलांना शिकवण्याची तयारी असलेला एखादा अभियंता एवढी सामग्री आपल्या सभासदांच्या घरांतच सापडेल.

न्यास वह्या-पुस्तके देतो, शुल्क भरतो. हे काम मोठेच आहे. त्याला आमची एक नम्र जोड आहे. पुढच्या वेळी संगणकाचे साहित्य घेताना सर्व एकाच मापाचे घेऊ नये. दोन-तीन आकार घ्यावेत, एक डावखुऱ्यांसाठी ठेवावा, आणि ज्या मुलाचा हात नेहमीसारखा चालत नाही त्याच्यासाठी एक मोठी कळ करून घ्यावी. खर्चात याने फारसा फरक पडणार नाही. मात्र ‘माझा हात चालत नाही’ म्हणून मागे बसणारे मूल पुढच्या बाकावर येईल, आणि न्यासाच्या महोत्सवात त्याचाही वाटा राहील.