पकडीचा मानकरी: कबड्डीतील कोपरारक्षक

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, प्रतिस्पर्ध्यांच्या मुसंडीपासून अंगाने झाकणाऱ्या पाच जणांच्या फळीतील खेळाडूला लाइनमन म्हणतात. बहुधा सव्वाशे किलोंहून अधिक वजनाच्या या खेळाडूचे नाव गुणफलकावर क्वचितच झळकते. विदर्भातील उमरेड परिसराला हा खेळ अपरिचित असला, तरी त्या कामाशी नाते सांगणारा खेळाडू कबड्डीत आहे, आणि तो म्हणजे कोपरारक्षक.

पुरुषांच्या 13 बाय 10 मीटरच्या मैदानात सात बचावपटूंपैकी दोन्ही टोकांना हे रक्षक उभे राहतात. मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर बोनस रेषा असते; समोर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय तिच्यापलीकडे टेकवून दुसरा अधांतरी ठेवला, की त्याला एक गुण मिळतो. त्या क्षणी त्याचा सारा भार पुढच्या एकाच पायावर असतो आणि नेमका तोच घोटा कोपरारक्षक झेप घेऊन दोन्ही हातांनी आवळतो. मात्र घोटा हाती आला म्हणजे पकड पुरी झाली असे नव्हे, कारण चढाईपटू उरलेल्या बळाने मध्यरेषेकडे अंग झोकून देतो. त्याची वाट छातीने अडवणारा मध्यरक्षक अर्ध्या क्षणाने उशिरा पोहोचला, तर पकडणाराच बाद होतो. पकड यशस्वी झाल्यास संघाला एक गुण मिळतो, आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना ती केल्यास, म्हणजे 'अव्वल पकड' झाल्यास, दोन. परंतु नोंदवहीत श्रेय सहसा एकाच्याच नावावर पडते, आणि वाट अडवणारा मध्यरक्षक तर कोपरारक्षकाहूनही खरा लाइनमन ठरतो.

बचावाचे काम दुर्लक्षित राहते, हे बाजारभावही सांगतो. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या 2018 च्या लिलावात सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला; त्यांत महाराष्ट्राचा चढाईपटू रिशांक देवाडिगा होता, पण निव्वळ बचावपटू एकच होता, इराणचा फझल अत्राचली. त्याच वर्षीच्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनाक होता, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

उमरेडच्या खेळाडूची वाट थोडी निराळी आहे, कारण राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ स्वतंत्र असल्याने तो महाराष्ट्राकडून नव्हे, तर विदर्भाकडून उतरतो. विदर्भाचा वारसा तसा मोठा आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. तरीही बहुतेकांच्या दृष्टीने लीगपेक्षा शासकीय सेवेतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण किंवा रेल्वे-पोलिसांतील नोकरी हेच कारकिर्दीचे खरे फळ असते, आणि गुडघा व खांदा पणाला लावणाऱ्या कोपरारक्षकाने ते लवकर पदरात पाडून घेणे शहाणपणाचे ठरते. निवड करणाऱ्यांनी केवळ गुणांचे आकडे न पाहता पकडीला हातभार लावणाऱ्या दुसऱ्या खेळाडूचीही नोंद ठेवावी; त्यासाठी गुणलेखकाच्या तक्त्यात एक रकाना वाढवला तरी पुरे.