बालकांचा अतिसार : शुद्ध पाणी, स्वच्छ हात

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ, पाण्यासारखे शौचास होणे म्हणजे अतिसार. त्यातून बालकाच्या शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात आणि वेळीच उपचार न झाल्यास जीवास धोका निर्माण होतो. रोगजंतू विष्ठेतून पाण्यात, हातांवर व अन्नावर पोहोचतात आणि तेथून बालकाच्या तोंडात जातात. घरी आणलेले पाणी शुद्ध असले, तरी अस्वच्छ हात भांड्यात बुडताच ते पुन्हा दूषित होते. म्हणून पाण्याचे शुद्धीकरण आणि हातांची स्वच्छता यांची सांगड घालणे आवश्यक आहे.

पाणी शुद्ध कसे करावे?

• गढूळ पाणी निवळू द्यावे व स्वच्छ, जाड सुती कापडातून गाळावे. तुरटीने गाळ खाली बसतो. परंतु केवळ तेवढ्याने पाणी पिण्यास सुरक्षित होत नाही.
• गाळलेले पाणी खळखळून उकळी आल्यानंतर किमान एक मिनिट उकळत ठेवावे व झाकून थंड करावे.
• उकळणे शक्य नसल्यास वेष्टनावरील प्रमाणानुसार क्लोरीनची गोळी टाकावी व ३० मिनिटांनंतरच पाणी वापरावे.
• पाणी घासलेल्या, झाकणाच्या भांड्यात साठवावे. ते तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. पेला वा बोटे बुडवू नयेत.

हात केव्हा व कसे धुवावेत?

शौचानंतर, बालकाची शी धुतल्यानंतर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि बालकास भरवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. तळवे, हातांची मागील बाजू, बोटांमधील जागा व नखे किमान २० सेकंद चोळावीत. नळ नसल्यास तांब्याने पाणी ओतून हात धुवावेत. ते पदराला पुसू नयेत; स्वच्छ कापडाने किंवा हवेत कोरडे करावेत. तान्ह्या बाळाच्या विष्ठेतही रोगजंतू असतात. ती शौचालयातच टाकावी.

सहा महिन्यांपर्यंत बाळास केवळ आईचे दूध द्यावे. उकळलेले पाणीही देऊ नये. रोटाव्हायरस लस ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात अवश्य द्यावी.

अतिसार झाल्यास काय करावे?

ओआरएसचे एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजावे. उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात. स्तनपान व आहार थांबवू नये.

शौचातून रक्त जाणे, डोळे खोल जाणे, सतत उलट्या होणे, पाणी पिता न येणे किंवा बालक सुस्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच बालकास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. वाटेतही ओआरएस देत राहावे.

ओआरएस व झिंक आशा कार्यकर्तीकडे आणि शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. ओआरएसची दोन पाकिटे घरी नेहमी असू द्यावीत.