टोपी, पट्टा आणि बूट : ठेक्याच्या दरात जिवाचाही हिशेब धरा

खान्देशाला समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्रातल्या तेलविहिरी आणि आखातातल्या रिफायनऱ्या इथल्या कारागिराला परक्या नाहीत. वेल्डर, गॅस कटर, फिटर, पेंटर किंवा परांची बांधणारा एकदा हाताने तयार झाला, की तो गावातल्या ग्रिल-शटरच्या कामावर फार दिवस थांबत नाही. मुंबई, हजिरा, जामनगर आणि पुढे आखात, हा रस्ता आता सर्वांच्या ओळखीचा आहे. ज्याला बाहेर जायचे नाही, त्याच्यासाठी भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक वीज केंद्र आहे, साक्री तालुक्यात पवनचक्क्या आहेत, जळगाव आणि शिरपूरच्या बाजूला कारखाने आहेत. रोजी चांगली मिळते, पण धोकाही तसाच मोठा असतो. या कामांत सुरक्षा साधनांचा खर्च कोणी करायचा, कोणते साधन खरे आणि कोणते नावापुरते, याचा विचार ठेकेदार, दुकानदार आणि कारागीर या तिघांनीही करायला हवा.

समुद्रातले दोन धडे

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर भागातल्या ओएनजीसीच्या फलाटाला आग लागली. ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे जहाज एका जखमी माणसाला फलाटावर चढवण्यासाठी जवळ आले होते. लाटांमध्ये ते रायझरवर, म्हणजे समुद्रतळावरून तेल-वायू वर आणणाऱ्या नळावर आदळले. वायू बाहेर पडला, पेटला आणि सुमारे दोन तासांत अख्खा फलाट कोसळला. फलाटसंकुल आणि जहाजावर मिळून ३८४ माणसे होती. त्यांतील ३६२ वाचली, २२ गेली.

दुसरी घटना १७ मे २०२१ ची. तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा बार्ज नांगर तुटून भरकटला, एका फलाटावर आदळला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. बहुतेक जण ठेक्यावर आलेले कामगार होते. नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांतील १८६ जणांना वाचवले, ७५ जणांचा जीव गेला. ‘वरप्रदा’ या टगबोटीवरचे ११ जण धरले तर बळींची संख्या ८६ होते. जे वाचले, त्यांतले अनेक जण अंगात लाइफ जॅकेट घालून रात्रभर खवळलेल्या पाण्यात तरंगत होते. जीव वाचवणारे तराफे मात्र फुटके निघाले, असे वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितले. हवामान खात्याने वादळाचा इशारा आधीच दिला होता, तरी बार्ज समुद्रातच राहिला.

या दोन घटनांतून दोन गोष्टी समजतात. धड साधन अंगावर असेल तर माणूस मरणाच्या दारातूनही परत येतो. पण वरच्यांनी वेळेवर काम थांबवले नाही, तर उत्तम साधनही सर्वांना वाचवू शकत नाही. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे गेली. तिथे दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढून ठेवला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. तेव्हापासून जगभर ‘वर्क परमिट’ म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी परवान्यावर भर वाढला. आपल्याकडे हा कागद म्हणजे साहेबांची कटकट समजली जाते. प्रत्यक्षात लाइन बंद आहे, वायू तपासला आहे आणि वीज तोडली आहे, याची ती जबाबदारीची सही असते. ती झाल्याशिवाय टॉर्च पेटवू नये.

घराजवळचा धोका

दीपनगरला ५०० मेगावॉटचे संच आहेत. एवढ्याच क्षमतेचा एक संच उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहारला होता. १ नोव्हेंबर २०१७ रोजी त्याच्या बॉयलरमधून तापलेला वायू आणि राख बाहेर उसळली. ४० हून अधिक माणसे दगावली. बॉयलरमध्ये राख साचली होती आणि संच बंद न करता ती काढण्याचे काम चालू होते. अशा वेळी डोक्यावरची टोपी काय करणार? आपल्याच धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान १३ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा धोका फक्त दूरच्या समुद्रात आहे असे मानून चालणार नाही.

साधन कोणते आणि कसे ओळखावे?

हेल्मेट : कारखान्यातल्या हेल्मेटसाठी भारतीय मानक आयएस २९२५ आहे. मोटारसायकलचे हेल्मेट हे त्याला पर्याय नाही. आतली पट्ट्यांची जाळी हाच त्याचा प्राण. तीच धक्का झेलते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट दिसायला धड असले तरी टाकून द्यावे. त्याला भोक पाडू नये.

पट्टा : उंचीवरच्या कामाला कमरेचा पट्टा पुरत नाही. पडणाऱ्या माणसाला तो कमरेत दुमडतो आणि पाठीच्या कण्याला इजा करतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेसच हवा (आयएस ३५२१). त्याचा हुक डोक्याच्या वर, पक्क्या लोखंडाला अडकवावा. परांचीच्या सैल नळीला अडकवलेला हुक नळीसकट खाली येतो. पडून लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली उतरवावे लागते. त्याची तयारी आधीच हवी.

बूट : पायाच्या बोटांवर पोलादी टोपण असलेले बूट आयएस १५२९८ चे असावेत. चपलेवर वेल्डिंग करणारे आजही दिसतात. एक तापलेला थेंब बोटांत शिरला की महिनाभराची मजुरी गेली.

कपडे : वेल्डिंग आणि बॉयलरच्या कामाला टेरिलीन, नायलॉन वापरू नये. ते वितळून कातडीला चिकटते. जाड सुती कापड, त्यावर चामड्याचे ॲप्रन आणि हातमोजे चांगले. आपल्याकडचे शिंपी आणि चामड्याचे कारागीर ही वस्तू बनवू शकतात. कापसाच्या मुलखात हा धंदा मुंबई-दिल्लीच्या मालावर का अवलंबून राहावा?

मास्क : इथे सर्वांत जास्त फसगत होते. धुळीचा मास्क विषारी वायू अडवत नाही. तेल-वायूच्या कामात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू भेटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. टाकी, हौद, गटार यांत एक जण बेशुद्ध पडला की दुसरा धावत उतरतो आणि तोही जातो. अशा ठिकाणी आधी हवा तपासावी. उतरावेच लागले तर पाठीवर हवेची टाकी असलेले श्वसनयंत्र लागते.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की कोणत्या कंपनीचा परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे समजते. दुकानदारांनी माल भरतानाच ही खातरजमा करावी. खोटे चिन्ह मारलेला पट्टा विकून सुटणारा नफा थोडा असतो. तो पट्टा तुटला तर गिऱ्हाइकाचे घर उघड्यावर येते आणि दुकानाचे नावही जाते.

खर्च कोणाचा?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातच, पुरवायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येणार नाहीत, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली. तिच्यातही सुरक्षेसाठी केलेल्या सोयीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई आहे आणि नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. दिलेले साधन वापरणे हे कामगाराचेही कर्तव्य आहे.

आता आपल्या लहान ठेकेदारांबद्दल. गावातली आठ-दहा पोरे घेऊन काम करणारा मुकादम स्वतःला कारागीरच समजतो. अपघात झाला की मात्र त्याला कळते, की कायद्याच्या दृष्टीने तोही मालक आहे. आणि ज्याचा जीव गेला तो बहुधा त्याचाच भाचा, मेहुणा किंवा शेजारी असतो. काम मिळावे म्हणून दर पाडायचा आणि तो भरून काढायला हार्नेस, बूट, विमा वगळायचा, हा हिशेब आतबट्ट्याचा आहे. दरपत्रकात सुरक्षा साधनांची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. मोठ्या कंपन्या ती ओळ पाहतात आणि नसेल तर विचारतात. बाहेरगावी नेताना प्रत्येकाचे नाव-पत्ता, नेमणुकीचा कागद आणि घरच्यांचा फोन तुमच्या वहीत असू द्या. भरपाईच्या वेळी नात्यातल्या शब्दापेक्षा हाच कागद कामाला येतो.

आखातात जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ईसीआर शिक्क्याच्या पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. विम्याची प्रत घरी ठेवून जावे. समुद्रातल्या कामावर जाणाऱ्याने पाण्यात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये. गोव्यात बेतूल येथे ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था १९८९ पासून आहे आणि २०२४ मध्ये गोव्यातच तिचे सागरी बचाव प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पाठवणाऱ्या एजंटाला पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा : प्रशिक्षण कोण देणार, साधने कोण देणार आणि विमा कोणाच्या नावे? सरळ उत्तर मिळाले नाही, तर पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका.