नव्या सर्व्हरला आयपी मिळत नाही? आधी तारेवरचं बोलणं ऐका

नव्या सर्व्हरवर नेटवर्कवरून लिनक्स चढवायचंय, पीएक्सई बूट सुरू केलं, स्क्रीनवर ‘डीएचसीपी’ आलं, ठिपके सरकतायत... आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी नेटवर्कवाले म्हणतात सर्व्हर बघा, सर्व्हरवाले म्हणतात स्विच बघा. तुम्ही टीममध्ये नवे असाल तर दोघांच्या मध्ये तुम्हीच सापडता. आजचा भाग त्यासाठी.

मुळात अडचण काय? त्या मशीनवर अजून ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, म्हणजे कमांड टाइप करायला जागा नाही. त्याला आयपी नाही, म्हणून बाहेरून पिंग करूनही उपयोग नाही. मग आपण बसायचं दुसऱ्या टोकाला, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरवर.

तिथे माझं आवडतं हत्यार म्हणजे टीसीपीडंप. कमांड बोलून दाखवतो: सुडो टीसीपीडंप, डॅश व्ही, डॅश एन, डॅश आय, इंटरफेसचं नाव, मग पोर्ट ६७ ऑर पोर्ट ६८. यातलं डॅश व्ही गाळू नका. ते नसेल तर मशीनची पहिली हाकही नुसती ‘रिक्वेस्ट’ म्हणून दिसते आणि आपल्याला वाटतं, गाडी पुढे सरकली.

खरं संभाषण चार वाक्यांचं असतं. डिस्कव्हर: ‘अरे, पत्ता देणारं कोणी आहे का?’ ऑफर: ‘हा घे.’ रिक्वेस्ट: ‘चालेल, हाच द्या.’ ॲक: ‘दिला.’ हे कुठे तुटतं, तेवढंच बघायचं.

काहीच दिसलं नाही, तर हाक आपल्यापर्यंत पोचतच नाहीये. केबल बघा, व्हीलॅन बघा. ही हाक ब्रॉडकास्ट असते, राउटर ती आपणहून पलीकडे नेत नाही. दोघं वेगळ्या सबनेटमध्ये असतील तर मध्ये डीएचसीपी रिले लागतो. अजून एक छुपा चोर आहे: स्विचचा स्पॅनिंग ट्री. जुन्या पद्धतीत पोर्टचा दिवा लागल्यावरही सुमारे ३० सेकंद डेटा जात नाही. काही कार्डं तेवढं थांबतच नाहीत, कंटाळून गप्प बसतात. तो पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट करून घ्यायला सांगा.

डिस्कव्हर येतोय, पण ऑफर जात नाही? मग स्विचला दोष देऊ नका, घोळ आपल्याच घरात आहे. एसएस डॅश यूएलएनपी चालवून ६७ वर कोणी ऐकतंय का ते बघा. ऐकत असेल तर लॉग उघडा: पत्ते संपलेत का, किंवा यादीत मॅक ॲड्रेसचा एखादा आकडा चुकलाय का. आणि ऑफर जातेय, तरी डिस्कव्हर परत परत येतोय, तर बहुतेक उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय.

चारही वाक्यं झाली आणि मग अडकलं, तर संशय टीएफटीपीवर. फाइलची मागणी पोर्ट ६९ वर येते, पण सर्व्हर डेटा वेगळ्याच पोर्टवरून पाठवतो. त्यामुळे मधल्या फायरवॉलमध्ये नुसता ६९ उघडून अनेकदा भागत नाही. हे माहीत नसेल तर माणूस तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

लिनक्स चढल्यावरचं काम त्यामानाने सोपं. आयपी ॲडर, आयपी राउट, गेटवेला पिंग, नावासाठी डिग.

घरी सर्व्हर नाही? काही बिघडत नाही. हॉटस्पॉट चालू केला की तुमचा फोनच डीएचसीपी सर्व्हर होतो. लिनक्स लॅपटॉपवर वायफाय इंटरफेसचं नाव देऊन हीच कमांड सुरू ठेवा आणि फोनला जोडा. आधी कधी जोडलेलं असेल तर बरेचदा रिक्वेस्ट आणि ॲक एवढी दोनच वाक्यं दिसतील, कारण लॅपटॉपला जुना पत्ता आठवत असतो.